इंजिन अडलें म्हणजे

कागलास आगगाडी येत नाहीं. गांवाजवळून पुणें-बंगळूर हमरस्ता जातो व त्यावरून मालमोटारी रात्रंदिवस धांवत असतात. परंतु रूळ पाहावयाचे तर आमच्या मुलांस कोल्हापूर किंवा मिरज गांठावें लागतें. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला. त्याच्या कामाचा आरंभ १८८८ सालीं ज्यांच्या हस्तें झाला ते शाहू महाराज त्या वेळीं अवघे तेराचौदा वर्षांचे होते, आणि जन्मानें ते कागलच्याच घाटगे घराण्यांतले. कागलच्या घराण्यांतील मुलानें पहिली कुदळ मारली खरी, पण गाडी कोल्हापुरास थांबली ती थांबलीच! म्हणूनच कीं काय, खेळांतल्या आगगाडीचें येथील मुलांना फार वेड आहे. ज्यांचे वडील पुण्या-मुंबईस नोकरीस आहेत किंवा ज्यांचा मामा परदेशीं आहे अशा कांहीं मुलांच्या घरीं हल्लीं रुळांतून वीज घेऊन धांवणारीं, खऱ्या इंजिनासारखीं हुबेहूब अशीं लहान इंजिनें दिसूं लागलीं आहेत.

त्यांपैकीं पुष्कळशीं चार-सहा महिन्यांत कपाटावर जाऊन बसतात हेंही आम्ही पाहतों. "काय झालें रे तुझ्या इंजिनास?" असें विचारलें तर उत्तर ठरलेलें: "सर, तें खराब झालें." हा 'खराब' शब्द आम्हांस बोचतो, आणि त्याविषयींच चार शब्द लिहावयाचे आम्हीं योजिलें आहे. आजाऱ्यास पाहून "तुम्ही आजारी आहां" एवढेंच सांगून वैद्य हात धुऊं लागला तर आपण त्यास काय म्हणूं? कोठें दुखतें, केव्हां दुखतें, काय केल्यानें कमी होतें, हें त्यानें विचारावयास नको काय? आमची मुलें इंजिनाच्या बाबतींत नेमकें हेंच विचारीत नाहींत. आणि याचा दोष मुलांपेक्षां आम्हां वडीलधाऱ्यांकडे अधिक जातो, असें आमचें मत आहे.

पुण्यास कोथरूडांत भाऊ जोशी यांनीं उभें केलेलें लहान रेल्वेचें संग्रहालय आहे. तें १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. तेथें एक अख्खें छोटें नगर मांडलेलें असून त्यांतून गाड्या धांवतात, दिवे लागतात, सिग्नल पडतात. पाहणारास ती जादू वाटते. आमचे विद्यार्थी असें कांहीं पाहून आले म्हणजे बहुधा एकच प्रश्न विचारतात: याला किती रुपये पडतात? दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, आणि तोच खरा. इतक्या गाड्या रोज चालतात, तर धूळ बसत नाहीं काय? सांधे ढिले होत नाहींत काय? होतच असले पाहिजेत. आणि म्हणूनच पडद्यामागें कोणी तरी हातांत अडलेलें इंजिन व फडकें घेऊन बसत असलेंच पाहिजे. गाडी धांवतांना जें दिसतें तें अर्धेंच काम होय.

या इंजिनाची रचना फारशी गूढ नाहीं. जगांत सर्वांत अधिक प्रचारांत असलेलें माप म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याचें. त्याच्या दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. (आपल्या देशांतील रुंद मार्गाचें अंतर १६७६ मिलिमीटर आहे. त्याला ८७ नें भागून पाहावें, म्हणजे आपलीं भारतीय इंजिनें या रुळांवर जरा अंग चोरून कां उभीं असतात तें कळेल.) साध्या प्रकारांत बारा व्होल्टपर्यंतची वीज एका रुळानें येते, त्या बाजूच्या चाकांतून व चाकांस टेकणाऱ्या पातळ पट्टीवाटे आंतल्या मोटरींत शिरते, आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांवाटे दुसऱ्या रुळानें परत जाते. मोटरीच्या दांड्यावरील पेच दंतचक्रास फिरवितो, दंतचक्र चाकास. एवढेंच यंत्र. परंतु येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. या वाटेवर निदान आठ-दहा ठिकाणें अशीं आहेत कीं जेथें धातूस डाख दिलेला नसून ती नुसती एकमेकांस टेकलेली असते: रुळांच्या तुकड्यांमधील जोडपट्ट्या, रूळ व चाक, चाक व पट्टी, मोटरींतील कार्बनचे ब्रश व त्यांखालीं फिरणारें तांब्याचें कडें. जेथें नुसतें टेकणें आहे तेथें मळ बसतो आणि ढिलेपणा येतो. इंजिन अडलें कीं मुलें मोटरीकडे बोट दाखवितात, कारण मोटर ही त्यांस मोठी व मोलाची वस्तु वाटते. पण आमच्या पाहण्यांत मोटर बहुधा निर्दोष असते आणि खोड असते ती अशा एखाद्या क्षुल्लक टेकण्याच्या जागीं.

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनांत एका माजी विद्यार्थ्यानें दिलेलें असें एक इंजिन मांडलें होतें. दोन बांक जोडून त्यांवर घोड्याच्या नालाच्या आकाराचा मार्ग घातला होता व वीज त्याच्या एका टोकाशीं दिली होती. इंजिन वाटेभर आचके देत चाले, आणि खिडकीजवळील वळण ओलांडलें कीं गोगलगाय होई. नववींतील मुलांची भोंवतीं गर्दी. एक म्हणे मोटर गेली. दुसरा म्हणे कोल्हापुरास दुरुस्तीस पाठवूं. तिसरा तेल घाला म्हणून ओरडत होता, आणि तेलाची बाटली तर आलीही! ती आम्हीं आपल्या खिशांत टाकली आणि मुलांस दोनच नियम सांगितले. पहिला, एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दुसरा, बदलण्यापूर्वीं काय दिसत होतें व नंतर काय दिसलें तें वहींत लिहावयाचें.

लिहावयास बसतांच मुलांच्या ध्यानांत आलें कीं तक्रार एक नसून दोन आहेत. आचके सर्वत्र बसतात. मंदपणा मात्र वळणापुढेंच येतो. जें सर्वत्र घडतें त्याचें कारण इंजिनाबरोबर फिरत असलें पाहिजे, आणि जें एकाच जागीं घडतें त्याचें कारण त्या जागीं असलें पाहिजे. हें आम्हीं सांगितलें नाहीं. पाठच्या बांकावर बसणाऱ्या एका मुलानें सांगितलें, ज्यास प्रगतिपुस्तकांत विज्ञानांत जेमतेम गुण मिळतात. इंजिन उलटें धरून पाहिलें तों चाकांच्या कडांवर काळा थर बसलेला. औषधाच्या दुकानांत मिळणारें आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यास लावून तो पुसला. आचके थांबले. मंदपणा होता तसाच राहिला, आणि वहींत तसें लिहिलें गेलें. चाकें व रूळ एकदमच हाताळलें असतें तर कोणत्या औषधानें कोणता रोग गेला हें कोणास सांगतां आलें असतें?

मग इंजिनाचें तोंड फिरवून तें पुन्हा सोडलें. तरी त्याच वळणापुढें मंद. म्हणजे या दुसऱ्या तक्रारींत इंजिन निरपराधी ठरलें. आतां रुळांतील वीज मोजावयाची. एका हुशार विद्यार्थ्यानें मीटर लावला. वळणाच्या अलीकडे बारा व्होल्ट, पलीकडेही जवळजवळ बारा! "सर, वीज तर सगळीकडे सारखीच आहे." येथें मुलें थबकलीं, कारण यंत्रानें साक्ष दिली आणि ती डोळ्यांस दिसणाऱ्या गोष्टीच्या विरुद्ध गेली.

ही गांठ सुटली ती आठवींतल्या एका मुलीमुळें. तिचे वडील मोटारसायकली दुरुस्त करतात. ती गुपचूप घरीं जाऊन मोटारसायकलीच्या वळण-दिव्याचा बारा व्होल्टचा बल्ब दोन तारा जोडून घेऊन आली. तारा रुळांस टेकवल्या. आरंभीं दिवा लख्ख, वळणाच्या पलीकडे तांबूस व मलूल. मग मीटर खोटें बोलला काय? नाहीं. मीटर वीज मोजण्यापुरती अगदीं थेंबभरच वीज ओढतो. दिवा व इंजिन हीं पोटभर ओढतात. मोकळ्या हातानें चालणाऱ्या माणसास अरुंद बोळ कधीं अडवीत नाहीं. उंसानें भरलेली बैलगाडी तेथें आली म्हणजे बोळाची खरी रुंदी कळते. मुलीनें दिवा एकेका सांध्यावर टेकवीत नेला, आणि एका जोडपट्टीच्या अलीकडे तो लख्ख व पलीकडे मंद असें आढळलें. पट्टी ढिली होती. वीज बंद करून पक्कडीनें ती जराशी दाबली, वीज पुन्हा सोडली, आणि इंजिन वळणापुढेंही सरळ धांवत गेलें. खर्च शून्य. मार्ग नालाऐवजीं पुरा वर्तुळाकार असता तर वीज दोहों बाजूंनीं आली असती व हा एक ढिला सांधा बहुधा लपून राहिला असता, हेंही मुलांनीं मागाहून विचार करून काढलें.

विद्युतप्रवाहाचा धडा त्या मुलांनीं पूर्वींच पाठ केला होता; व्याख्या विचारली असती तर एकही अक्षर चुकलें नसतें. परंतु रोध म्हणजे काय हें त्यांस त्या दिवशीं त्या तांबूस दिव्यांत दिसलें.

सगळीं इंजिनें इतकीं समजूतदार नसतात. गाडी चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदां अडखळत असेल तर विजेकडे न पाहतां आंसाकडे पाहावें. तेथें बहुधा सतरंजीचा दोरा किंवा केंस गुंडाळलेला सांपडतो. नाहीं तर आंसावरील प्लास्टिकच्या दंतचक्रास चीर गेलेली असते. वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतींत दोन्ही बाजूंच्या चाकांवरील दांड्यांच्या खुंट्या एकमेकींपासून पाव फेऱ्यानें पुढेंमागें बसविलेल्या असतात. एखादें चाक आंसावर किंचित् सरकलें कीं दांडे एकमेकांशीं भांडूं लागतात. मोटर गुणगुणते पण चाक फिरत नाहीं, असें झालें तर जुनें ग्रीस गोंदासारखें घट्ट झालें असावें. आणि जळका वास आला किंवा इंजिन हातास कढत लागलें तर विचार मागाहून करावा, वीज आधीं बंद करावी. हल्लींच्या कित्येक इंजिनांत संदेश ओळखणारी एक चकती असते. तिच्यासाठीं रुळांत निराळ्याच प्रकारची वीज लागते. तेव्हां इंजिन उघडण्यापूर्वीं तें आणि त्याचें वीजयंत्र एका जातीचें आहे कीं नाहीं हें पेटीवर वाचून घ्यावें.

दोन गोष्टींची मात्र आम्हांस खरोखर चीड आहे. एक सँडपेपर. त्यानें रूळ क्षणभर चकाकतात. पण त्यांवर बारीक ओरखडे पडतात व तेथें मळ पूर्वींपेक्षां लौकर साठतो. दुसरी तेलाची बाटली. आंसाच्या टोकास सुईच्या अग्रावर मावेल एवढें तेल पुरतें. आपलीं मुलें धार धरतात. तें तेल मोटरींतल्या कड्यावर जातें, चाकांवर येतें, रुळांवर पसरतें, त्यावर धूळ बसते आणि पूर्वीं जी तक्रार एक होती ती चार होतात.

आतां पालकांविषयीं. खेळणें अडलें म्हणजे घरांत बहुधा तीन गोष्टींपैकीं एक घडते. कोणी तें कपाटावर ठेवून मोकळे होतात. कोणी ऐपत असल्यामुळें दुसरें आणून देतात. म्हणजे अडलेल्या वस्तूवर उपाय विचार नसून पैसा आहे, असा धडा मुलास दहाव्या वर्षींच मिळतो. तिसरे पालक सर्वांत प्रेमळ. मुलगा निजला म्हणजे वडील स्वतः इंजिन उघडतात, कौशल्यानें नीट करतात, आणि सकाळीं तें धांवतांना पाहून मुलगा टाळ्या पिटतो. कागलांत असे कसबी वडील थोडेथोडके नाहींत; पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत व कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांत ज्यांचा दिवस जातो त्यांस हें इंजिन म्हणजे काय मोठें! परंतु आम्हीं भीड सोडून लिहितों कीं तिघांत अधिक नुकसान या तिसऱ्याकडून होतें. कपाटावरचें इंजिन मुलगा कधीं तरी खालीं काढील तरी. नीट होऊन आलेल्या इंजिनांत शोधण्यासारखें कांहींच उरत नाहीं. वडिलांनीं जवळ बसावें, हात पाठीशीं बांधावे, आणि "आतां काय पाहशील?" एवढेंच विचारावें. हें बसणें कठीण असतें, हें आम्ही वर्गांत रोज अनुभवितों.

यावर आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. दहावीचें वर्ष जवळ आलें, हे खेळ हवेत कशाला, असें कांहीं पालक म्हणतील. त्यांस आम्हीं एवढेंच विचारतों: ज्या मुलांनीं पुढें यंत्रांवर पोट भरावयाचें आहे त्यांस बंद पडलेलें यंत्र प्रथम केव्हां दाखवावें? लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा आरंभ बेळगांवांत सायकली विकण्या-दुरुस्त करण्यापासून झाला. लोखंडी नांगर व १९१० सालची किर्लोस्करवाडी हीं मागाहून आलीं. आगगाडीच्या खऱ्या चालकांजवळही, विजेचें इंजिन वाटेंत बंद पडल्यास कोणती गोष्ट कोणत्या क्रमानें तपासावी हें सांगणारी पुस्तिका असते. रेल्वेंतील लोक तिला टी.एस.डी. म्हणतात. मागें हजारों माणसें खोळंबलेलीं असतां तो चालक "खराब झालें" म्हणून खालीं उतरत नाहीं. पान उघडतो आणि पहिल्या ओळीपासून पाहत जातो.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. असें इंजिन प्रत्येक घरीं येणार नाहीं, व यावें असा आमचा आग्रहही नाहीं. पण एका अडलेल्या इंजिनाभोंवतीं वीस मुलें बसूं शकतात, आणि अडलेलें इंजिन चालत्यापेक्षां फार स्वस्त मिळतें! विजेच्या भीतीविषयींही एक वाक्य: रुळांतील बारा व्होल्टांस भिण्याचें कारण नाहीं, भिंतींतील विजेस जोडणारी वीजपेटी मात्र मुलांनीं कधींही उघडूं नये, तेथें कसलाही शोध लावावयाचा नाहीं. अल्कोहोल लवकर पेट घेतें, म्हणून तें वडील माणसासमक्षच वापरावें, व तेंही वीज बंद असतांना. राहतां राहिला "मुलींस याचें काय?" हा प्रश्न, तो अजूनही विचारला जातो, म्हणून तो मोटारसायकलीचा बल्ब कोणी आणला तें पुन्हा एकदां वाचावें, एवढेंच आम्ही सुचवितों.

आमची सूचना अशी आहे कीं शाळेनें विज्ञानशाळेंत एक बांक या कामासाठीं कायमचा राखून ठेवावा व शनिवारीं शाळा सुटल्यावर दोन तास तो सातवीपासून पुढच्या मुलामुलींस मोकळा असावा. पालकांनीं कपाटावरचीं इंजिनें पाठवावीं. रूळ असल्यास तेही पाठवावे, कारण पुष्कळदां खोड त्यांतच असते. इंजिन घरीं उघडून, स्क्रू हरवून पाठवूं नये. जसें अडलें असेल तसेंच पाठवावें. सोबत चिठ्ठींत तें कोठें, केव्हां व कसें अडतें एवढें मुलानें स्वतःच्या हातानें लिहावें. 'खराब झालें' असें लिहिलेली चिठ्ठी परत केली जाईल. ज्यांचा मोटार-दुरुस्तीचा किंवा लेथचा व्यवसाय आहे अशा पालकांपैकीं कोणी महिन्यांतून एखादा शनिवार येऊन बसल्यास आम्हांस आनंद होईल. त्यांनीं येतांना मोडके बल्ब-होल्डर, तारांचे तुकडे, एखादी जुनी पक्कड आणावी. तेलाची बाटली मात्र घरींच ठेवावी.